‘टेस्ट’ जातं, केळीचा भाव जात नाही: हाताने बांधलेल्या रिक्वेस्टचं काय चुकतंय?

सावद्याच्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. केळी बागायतदारांच्या गटासाठी ते रोज दुपारी भाव टेलिग्रामच्या चॅनेलवर आणि एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, टाकतात. होस्टिंग स्वस्तातलं, पीएचपी जुनी, कर्लचं, म्हणजे वेबवर रिक्वेस्ट पाठवणाऱ्या तयार साधनाचं, एक्स्टेंशन बंद. म्हणून सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी थेट जोडणी, उघडून सगळी रिक्वेस्ट ओळीओळीने हाताने बांधली आहे. ‘टेस्ट’ असा इंग्रजी शब्द पाठवला की टेलिग्रामवर लगेच उमटतो. मराठीत भाव पाठवला की ४००, म्हणजे ‘रिक्वेस्टच समजली नाही’, आणि कधी कधी उत्तरच येत नाही, स्क्रिप्ट लटकून राहते. एक्सवर तर काहीही पाठवा, ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’. शेवटी ते विचारतात: “टोकन दहा वेळा तपासलं. एपीआयला मराठी चालत नाही का?”

एपीआय म्हणजे प्रोग्रामने बोलायची सेवेची खिडकी, आणि तिला मराठी उत्तम चालते. पण त्याआधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. तुम्ही प्रश्नासोबत पूर्ण रिक्वेस्ट चिकटवली आहे आणि टेलिग्रामचं टोकन, म्हणजे तुमच्या बॉटची किल्ली, पत्त्याच्या ओळीतच असतं. म्हणजे ते आता गावाचं झालं. बॉटफादर, म्हणजे टोकनं देणारा टेलिग्रामचाच बॉट, त्याच्याकडे जाऊन ते रद्द करा, नवं घ्या. एक्सच्या चारही किल्ल्या नव्याने काढा. उद्या कोणी तुमच्या चॅनेलवर ‘भाव दुप्पट’ असं टाकलं तर शेतकरी तुम्हालाच फोन करतील.

झालं? आता मुद्द्याकडे येऊ.

मी जळगावात बसून हीच कामं करतो आणि अशा तक्रारींत बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते. माणूस आपला कोड पुन्हा पुन्हा वाचत बसतो, पण तारेवरून प्रत्यक्षात काय गेलं ते बघत नाही. कोडमध्ये आपण काय पाठवायचं ठरवलं होतं तेवढंच दिसतं. सर्व्हरच्या पदरात पडतात ते बाइट, आणि तो त्यावरच निकाल देतो. लायब्ररी वापरली की हे सगळं ती निस्तरते. हाताने रिक्वेस्ट बांधायची म्हटली की ते आपल्या गळ्यात येतं.

तुमचा टेलिग्रामचा ४०० कुठून येतोय ते तुम्ही चिकटवलेल्या दोन ओळींतच दिसतंय. कंटेंट-लेंग्थ, म्हणजे मजकूर किती लांब आहे ते सर्व्हरला सांगणारा आकडा, काढायला तुम्ही एमबी-स्ट्रलेन वापरलंय. का वापरलं तेही कळतं: मराठीसाठी साधं स्ट्रलेन वापरू नका, एमबीवालं वापरा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि एरवी तो बरोबरही आहे. नेमका इथे तो उलटतो. एमबी-स्ट्रलेन अक्षरचिन्हं मोजतं. कंटेंट-लेंग्थमध्ये बाइट लिहायचे असतात. तुम्ही घड मोजून पावती केलीत आणि काट्यावर क्विंटल मोजतात.

आकड्यांनीच बघू. समजा मजकूर आहे ‘केळी भाव १८५०’. केळी म्हणजे क, एकाराची मात्रा, ळ, दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं. भाव म्हणजे तीन. १८५० चे चार अंक. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून एकूण १३. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्राही आणि आपले अंकसुद्धा. म्हणजे ११ गुणिले ३, अधिक २ जागा: ३५ बाइट. तुमच्या पावतीत २२ बाइट कमी.

आता सर्व्हर काय करतो? तुम्ही सांगितलेले तेवढेच बाइट वाचतो आणि थांबतो. शेवटचे २२ बाहेर राहतात. मजकूर ज्या साच्यात गुंडाळून जातो त्या जेसनच्या शेवटी अवतरणचिन्ह आणि महिरपी कंस हे दोन बाइट असतात, ते गेले. उरलेले २० मजकुरातून कापले जातात: १८५० चे बारा, जागेचा एक, ‘व’ चे तीन, कान्याचे तीन, झाले एकोणीस. विसावा बाइट ‘भ’ च्या पोटातला. भ चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १७३. सर्व्हरला मिळाले २२४ आणि १६४. म्हणजे जेसन अर्धवट, वर शेवटचं अक्षरही तुटलेलं. कोणताही सर्व्हर याला ४०० च म्हणणार. ‘टेस्ट’ हा इंग्रजी शब्द का जातो तेही यातच आलं: रोमन अक्षराचं चिन्ह एक आणि बाइटही एकच, त्यामुळे दोन्ही मोजण्या जुळतात.

कापलेल्या २२ बाइटांचं पुढे काय होतं, हा भाग लोकांना सुचत नाही. तुम्ही एकाच कनेक्शनवर सावदा, रावेर, यावल अशा तीन चॅनेलना लागोपाठ पाठवता. कनेक्शन उघडंच असतं, म्हणून ते उरलेले बाइट सर्व्हर पुढच्या रिक्वेस्टची पहिली ओळ म्हणून वाचायला घेतो. तिथे त्याला ‘पोस्ट’ ऐवजी भ चं शेपूट आणि १८५० सापडतं. रावेरचा मजकूर बिनचूक असला तरी त्यालाही ४०० मिळतो. एकदा चुकलं की पुढचं सगळंच चुकत जातं, असं जे तुम्ही लिहिलंय त्याचं कारण हे. चूक पहिल्या रिक्वेस्टची, शिक्षा दुसरीला.

आणि लटकणं? ‘अंदाजाने लांबीत ५० मिळवून बघितले’ असं तुम्हीच लिहिलंय. पावतीवर माल जास्त, गाडीत कमी. सर्व्हर बिचारा उरलेल्या मालाची वाट बघत बसतो, तुम्ही त्याच्या उत्तराची. दोघंही सभ्य, कोणीच आधी बोलत नाही. थोड्या वेळाने एकजण कंटाळून कनेक्शन तोडतो.

उपाय अगदी छोटा आहे: तयार झालेल्या जेसनवर साधं स्ट्रलेन चालवा. पण ‘तयार झालेल्या’ यावर माझा भर आहे. लांबी सगळ्यात शेवटी मोजायची, मोजल्यानंतर मजकुराला हात लावायचा नाही.

एक कोडं उरतं. तुम्ही म्हणता गेल्या महिन्यापर्यंत मराठीसुद्धा जात होती. मला वाटतं मधल्या काळात लॉगमध्ये मराठी नीट वाचता यावी म्हणून तुम्ही जेसन-एनकोडला ‘अनएस्केप्ड युनिकोड’ हा पर्याय लावलात. त्याआधी पीएचपी प्रत्येक देवनागरी चिन्हाचं सहा रोमन चिन्हांत रूपांतर करत होती, उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंकी सांकेतिक आकडा. ‘केळी’ चे २४ बाइट होत होते, पण सगळे साधे आस्की, म्हणजे एकेका बाइटाची रोमन चिन्हं, म्हणून चुकीची मोजणीही बरोबर उत्तर देत होती. चूक पहिल्या दिवसापासून होती, झाकलेली होती. लॉग सुंदर केला आणि ती उघडी पडली. तो पर्याय काढला तरी आज काम चालेल, पण मोजणी दुरुस्त करा आणि पर्याय राहू द्या. दुपारच्या घाईत लॉगमध्ये मराठी वाचता येणं फार उपयोगी पडतं.

ही चूक मला शिकवली ती एका ‘ऱ’ ने, त्याची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी धुळ्याकडच्या एका गटासाठी असंच संदेश पाठवायचं काम होतं. बहुतेक दिवस सगळं सुरळीत, मध्येच एखादा संदेश लटकायचा. नेटवर्कला शिव्या दिल्या, राउटर बदलला, उन्हाळा होता म्हणून पत्र्याच्या खोलीतून तो राउटर उचलून सावलीत आणला. दोन दिवस गेले. मग अडकलेले संदेश एकाखाली एक मांडले तर प्रत्येकात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द. ‘बागायतदारांना’ लिहिलेले सगळे गेलेले! हाई काय शे भो, म्हणून डोकं धरलं.

कारण असं निघालं. ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तिथे टाइप करणाऱ्या ताईंच्या कीबोर्डवरून तो दोन तुकड्यांत येत होता, ‘शेतकऱ्यांना’ चे ३६ बाइट. माझा कोड लांबी मोजायचा आणि त्यानंतर, शुद्धतेच्या हौसेने, युनिकोडचं प्रमाणीकरण करायचा. त्यात दोन तुकड्यांचा एक ऱ व्हायचा आणि ३३ बाइट उरायचे. सर्व्हर तीन बाइटांची वाट बघत बसायचा. बागायतदारांत ऱ नाही, म्हणून तो शब्द सुटला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रमाणीकरण, मग जेसन, मग लांबी, मग थेट पाठवणी.

आता तारेवरचं बघायचं कसं. तुमच्याकडे लिनक्सचा एखादा जुना लॅपटॉप असेलच. त्यावर नेटकॅट, म्हणजे आलेले बाइट तसेच दाखवणारा छोटा प्रोग्राम, एखाद्या पोर्टवर ऐकत बसवा आणि स्क्रिप्टमधला होस्ट तात्पुरता त्या लॅपटॉपचा करा, एन्क्रिप्शन काढून. जे गेलं ते जसंच्या तसं समोर येतं. ते फाइलमध्ये घेऊन हेक्सडंप, म्हणजे प्रत्येक बाइटाचा आकडा, काढा. एवढंही नको असेल तर पाठवण्याच्या आदल्या ओळीला पूर्ण रिक्वेस्ट बिन-टू-हेक्स करून लॉगमध्ये टाका. पहिल्यांदा ते आकडे बघून घाबरायला होतं, पण शोधायचं फार थोडं असतं.

पहिलं, हेडरच्या, म्हणजे मजकुराआधीच्या सूचनांच्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० (हेक्समध्ये 0d आणि 0a) ही जोडी आहे का, आणि हेडर संपल्यावर तीच जोडी आणखी एकदा आहे का. पीएचपीत एकेरी अवतरणात स्लॅश-आर स्लॅश-एन लिहिलं तर त्याची नवी ओळ होत नाही, ती चारही चिन्हं तशीच जातात. दुहेरी अवतरणच हवं. हेडर एका लांब मजकुरात सरळ ओळी पाडून लिहिले असतील तर ओळीचा शेवट तुमच्या एडिटरवर अवलंबून राहतो: विंडोजवर सेव्ह केलेली फाइल चालते, तीच सर्व्हरवर उघडून पुन्हा सेव्ह केली की बंद पडू शकते. ‘माझ्या लॅपटॉपवर चालत होतं’ ही तक्रार मी यातून कितीदा तरी ऐकली आहे.

दुसरं, मजकुराच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ (हेक्समध्ये ef, bb, bf) हे तीन बाइट चिकटलेत का. नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलला ही बीओएमची, म्हणजे फाइलचं एनकोडिंग सांगणाऱ्या खुणेची, शेपटी पुढून लागू शकते, डोळ्याला दिसत नाही आणि जेसन तिथेच फसतं. तिसरं, टोकन फाइलमधून वाचत असाल तर त्याच्या शेवटी अदृश्य नवी ओळ आली आहे का. टेलिग्राममध्ये टोकन पत्त्यात जातं, म्हणजे पहिल्याच ओळीचे दोन तुकडे होतात. ट्रिम लावा, संपलं. चौथं, मराठीच्या जागी ६३ (हेक्समध्ये 3f) हाच आकडा रांगेने दिसतो का. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. तसं असेल तर मजकूर तुमच्या स्क्रिप्टमध्ये शिरण्याआधीच मेला आहे, डेटाबेसच्या कनेक्शनमध्ये किंवा विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये. आणि भाव पत्रकाच्या डीटीपीवाल्याकडून मजकूर घेत असाल तर तो युनिकोड आहे ना बघा. जुन्या फॉन्टांत टाइप केलेली केळी आत रोमन खुणाच असतात, चॅनेलवर तशाच उमटतात.

पाचवं, कंटेंट-टाइप. जेसन पाठवताय तर ‘ॲप्लिकेशन/जेसन’ असं सांगायलाच हवं. नाही सांगितलं तर टेलिग्राम ‘मेसेज टेक्स्ट इज एम्प्टी’ म्हणतो, आणि माणूस म्हणतो अहो एवढा मोठा मजकूर पाठवलाय, रिकामा कसा? मजकूर आहे, पण लिफाफ्यावर काय आहे ते लिहिलेलं नाही.

घरच्या मशीनवर कर्ल असेल तर आधी त्यातून एक चालणारी रिक्वेस्ट मिळवा, सगळं सविस्तर दाखवणारा व्हर्बोज पर्याय लावून. मग तुमची आणि ती शेजारी ठेवून फरक शोधा. न चालणाऱ्या एकाच गोष्टीकडे टक लावून बसण्यापेक्षा एक चालणारी आणि एक न चालणारी समोर असली की काम अर्ध्यावर येतं. कर्लचीही एक खोड लक्षात ठेवा: डेटाचा साधा पर्याय फाइल वाचताना तिच्यातल्या नव्या ओळी गाळतो, आणि कंटेंट-टाइप तुम्ही दिला नाही तर फॉर्मचा लावून टाकतो. विंडोजच्या काळ्या खिडकीत एकेरी अवतरण चालत नाही, ते वेगळंच.

आता एक्सचा ४०१. हे दुखणं निराळं आहे, इथे मराठीचा काही संबंध नाही. म्हणून तर ‘टेस्ट’ ही जात नाही.

तुम्ही ओऑथ १.०ए, म्हणजे पासवर्डऐवजी सहीने ओळख पटवायची पद्धत, वापरताय. ट्विटरने २०१० च्या ऑगस्टमध्ये साधं नाव-पासवर्ड बंद करून हे सक्तीचं केलं. यात गुपित किल्ली कधीच पाठवत नाहीत. पाठवायच्या रिक्वेस्टमधून एक ठरलेली ओळ तयार करतात, तिला बेस स्ट्रिंग म्हणतात, आणि गुपित किल्ल्या वापरून तिची एचमॅक-शा१ सही काढतात. सर्व्हर आपल्या बाजूने तीच ओळ बांधतो, तीच सही काढतो आणि ताडून बघतो. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी सही पूर्ण वेगळी येते आणि उत्तर एकच, ४०१. कुठे चुकलं ते तो सांगत नाही, आणि सांगूही नये.

तुमचा कोड मला कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून घेतलेला दिसतो. जुन्या १.१ आवृत्तीत ट्विटचा मजकूर फॉर्ममधून जायचा आणि फॉर्ममधली प्रत्येक गोष्ट सहीत धरायची, असा नियम आहे. आता दुसऱ्या आवृत्तीत मजकूर जेसनमध्ये जातो आणि जेसन सहीत धरत नाहीत. तुम्ही पाठवताय जेसन आणि सहीत मात्र ‘टेक्स्ट’ घातलंय. सर्व्हर त्याच्याशिवाय सही काढतो. जुळणार कशी?

हे तपासायला सोपी मोजणी आहे. जेसनवाल्या रिक्वेस्टच्या बेस स्ट्रिंगमध्ये ओऑथचे सहाच घटक असले पाहिजेत: कन्झ्युमर की, नॉन्स (एकदाच वापरायचा यादृच्छिक मजकूर), सहीची पद्धत, वेळ, टोकन आणि आवृत्ती. हेडरमध्ये सात, कारण तिथे सही स्वतःही येते. आणि पूर्ण बेस स्ट्रिंगमध्ये उघडं & फक्त दोनदा दिसलं पाहिजे: ‘पोस्ट’ या पद्धतीनंतर आणि पत्त्यानंतर. तिसरं दिसलं तर घटकांची यादी जोडल्यावर तिचं एकत्र एनकोडिंग राहून गेलंय. सहीच्या किल्लीत मात्र & एकदाच, दोन गुपितांच्या मध्ये. टोकनचं गुपित रिकामं असलं तरी ते & ठेवावंच लागतं.

एनकोडिंगचं फंक्शनही बघा. पीएचपीत यूआरएल-एनकोड मोकळ्या जागेचं + करतं. ओऑथला %२० हवं, म्हणजे रॉ-यूआरएल-एनकोड. पुढेमागे तुम्ही ‘केळी’ शब्द शोधायची रिक्वेस्ट बांधाल तेव्हा हे जास्त टोचेल, कारण पत्त्यातले शोधशब्द सहीत धरावे लागतात. तेव्हा ‘क’ चे तीन बाइट पत्त्यात नऊ चिन्हं होतात, आणि बेस स्ट्रिंगमध्ये ते पुन्हा एनकोड होऊन पंधरा, प्रत्येक % चं %२५ होतं म्हणून. दोनदा एनकोड झालेलं बघून लोक चूक समजतात आणि एकदा काढून टाकतात. ते दोनदाच हवं.

आणखी एक फसवी चूक: सही स्वतः हेडरमध्ये घालताना एनकोड न करणं. सही बेस-६४ मध्ये असते, २८ चिन्हांची, तिच्यात + आणि / येऊ शकतात. नॉन्स दर वेळी बदलतो, म्हणून सहीही बदलते, आणि साधारण दहातल्या चार सह्यांमध्ये या दोन्हींपैकी काहीच नसतं. शेवटचं = खपवून घेणारा सैल सर्व्हर असेल तर त्या चार जातात, बाकी अडकतात. कधी चालतं, कधी नाही, असं कोणी म्हटलं की मी आधी हेच बघतो. तुमचं कधीच चालत नाही, त्यामुळे तुमचं कारण हे नव्हे, पण हातासरशी दुरुस्त करा.

आणि घड्याळ! तुमच्या कोडमध्ये एक ओळ आहे: वेळेत १९,८०० मिळवा. साडेपाच तासांचे सेकंद. कोणीतरी ‘इंडियन टाइम करायला हवा’ म्हणून घातलेत. ती ओळ काढा. १९७० पासूनचे सेकंद सगळ्या जगाला सारखेच असतात, सावद्याला वेगळे नाहीत. तुमची प्रत्येक सही साडेपाच तास भविष्यातली आहे आणि सर्व्हर ती नाकारणारच. घड्याळ खरंच बरोबर आहे का ते बघायला इंटरनेटभर हिंडायची गरज नाही: त्या ४०१ च्याच उत्तरात ‘डेट’ नावाचा हेडर येतो, सर्व्हरची वेळ, जीएमटीमध्ये. तिच्याशी आपली ताडून बघा. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हे प्रयोग करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण लाईट जाऊन आली की तो बोर्ड १९७० सालात जागा होतो. मग सही तर सोडाच, टीएलएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्रही त्याला ‘अजून सुरू न झालेलं’ वाटतं.

पत्त्याचंही तसंच. सही ट्विटरच्या जुन्या डोमेनवर काढली आणि रिक्वेस्ट एक्सच्या नव्या डोमेनवर पाठवली तर बेस स्ट्रिंग दोन ठिकाणी दोन होते. ज्या दारावर जायचं त्याच दाराचा पत्ता सहीत.

हे सगळं झालं की ४०१ जाईल आणि कदाचित ४०३ येईल. घाबरू नका, ती प्रगती आहे. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते पटलं नाही, ४०३ म्हणजे ओळख पटली पण हे करायची परवानगी नाही. ॲपची परवानगी फक्त वाचण्याची असेल तर ती वाचणे-लिहिणे करा, आणि त्यानंतर ॲक्सेस टोकन पुन्हा काढा. जुनं टोकन जुनीच परवानगी घेऊन फिरत राहतं. हे न केल्याने लोक आठवडाभर अडकतात. तोच मजकूर दुसऱ्यांदा पाठवला तरी ४०३ येतो, आणि भाव दोन दिवस तोच राहिला तर तुमच्याकडे हे होणार. मजकुरात तारीख घाला.

फेसबुक पेजबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, तेवढ्यातच सांगतो. तिथे आकडा ४०० दिसला तरी आतलं जेसन वाचा. त्यातला कोड १९० असेल तर टोकन मेलंय, सबकोड ४६३ म्हणजे मुदत संपली, ४६० म्हणजे पासवर्ड बदलला. वापरकर्त्याचं लांब मुदतीचं टोकन साधारण ६० दिवस टिकतं. त्यावरून पेजचं टोकन काढा, त्याला तशी मुदत नसते. दर दोन महिन्यांनी बंद पडतं असं तुम्ही म्हणता, ते यामुळेच.

मोजणी दुरुस्त झाल्यावर टेलिग्रामकडून तुम्हाला आणखी एक ४०० मिळणार आहे, ते आताच सांगून ठेवतो. तुम्ही ठळक अक्षरांसाठी मार्कडाउन-व्ही२ लावलंय. त्यात टिंब, आडवी रेघ, कंस, अधिकचं चिन्ह हे सगळे राखीव. आणि तुमचा मजकूर असा: ‘रु. १८५०-२०५०’. ‘रु.’ मधलं टिंब आणि दोन भावांमधली रेघ, दोन्हींपुढे उलटी तिरकी रेघ लागेल. नाहीतर ‘कान्ट पार्स एन्टिटीज’ म्हणून परत येईल. माझं विचाराल तर ठळक वगैरे सोडा, तो पर्यायच काढून टाका. भाव बघायला आलेला माणूस आकडा बघतो.

लटकलं की पुन्हा पाठव, असा जो लूप तुम्ही घातलाय तो मात्र मला आवडलेला नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ संदेश गेला नाही असा होत नाही. संदेश पोचला आणि उत्तर परत येताना लाईट गेली, असंही होतं. टेलिग्राम तोच संदेश आनंदाने दुसऱ्यांदा छापतो. एकदा माझ्या हातून सकाळचा भाव दुपारच्या भावानंतर पुन्हा उमटला होता. एकाने त्यावर विसंबून बऱ्हाणपूरकडे निघालेली गाडी थांबवली, मग मला फोन आला. त्यानंतर मी गेलेल्या प्रत्येक संदेशाचा क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि टाइमआउट झाला तर आपोआप न पाठवता माणसाला विचारतो. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच नेटवर्कवर यासाठी आयडेम्पोटन्सी-की नावाचा हेडर आहे, तीच किल्ली पुन्हा आली की तो दुसरी पोस्ट करत नाही. टेलिग्रामवर हे आपणच सांभाळायचं. आणि ४२९, म्हणजे ‘फार भराभर पाठवताय’, आला तर उत्तरात ‘रिट्राय-आफ्टर’ म्हणून सेकंद दिलेले असतात, तेवढं थांबायचं, मध्ये दार ठोठवायचं नाही. एका चॅटमध्ये सेकंदाला एकापेक्षा जास्त संदेश टाकू नका एवढं पाळलंत तर तीन चॅनेलांना ती वेळ येणारही नाही.

आज एवढंच करा: स्ट्रलेन, बेस स्ट्रिंगमधून ‘टेक्स्ट’ बाहेर, १९,८०० ची ओळ बाहेर. तरी अडलं तर मला तीन गोष्टी पाठवा: रिक्वेस्टच्या शेवटच्या चाळीस बाइटांचा हेक्सडंप, बेस स्ट्रिंग, आणि ४०१ च्या उत्तरातला डेट हेडर. बेस स्ट्रिंगमध्ये गुपितं नसतातच, पण कन्झ्युमर की आणि टोकन असतात, त्यांच्या जागी फुल्या मारा. टेलिग्रामची पहिली ओळ मला नकोच आहे, नवं टोकन तिच्यातच असतं.